मर्यादा दीड हजार कोटींची, बुडतात आपले दोन लाख

मुंब्रा-कौसा असो, राबोडी असो, कल्याणचा दूधनाका असो की भिवंडी, चार तरुण चहाला बसले की हल्ली निफ्टीचा विषय निघतोच. त्यातच एक ऑफर घरोघर फिरते: "तुम्ही फक्त खातं उघडा, पैसे टाका. ऑप्शन ट्रेडिंग आम्ही करतो, नफा अर्धा-अर्धा." वर भरवसा असा की, "आता सेबीनेच लिमिट लावलंय, घाबरायचं काय?" हा भरवसा खोटा आहे. कसा, ते पाहू.

सेबीने २९ मे २०२५ च्या परिपत्रकाने निर्देशांकाच्या ऑप्शनवर नवी मर्यादा घातली. दिवसअखेर निव्वळ १,५०० कोटी आणि एका बाजूला एकूण १०,००० कोटी रुपये. पुढे १ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभरातल्या निव्वळ पोझिशनवरही ५,००० कोटींची नजर आली. मधल्या काळात, ३ जुलैला, जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीवर बाजार फिरवल्याचा ठपका ठेवून सेबीने ४,८४३ कोटी रुपये रोखण्याचा आदेश दिला. कंपनीने आरोप नाकारले आहेत.

आकडे नीट पाहा. ही मर्यादा हत्तीला आवरण्यासाठी आहे. दोन लाख टाकणारं आपलं घर तिच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे ती आपल्याला वाचवतही नाही.

आपलं नुकसान किती होतं, हेही सेबीनेच मोजलंय. २०२४-२५ मध्ये फ्युचर्स-ऑप्शनमधले ९१ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा एक लाख कोटींच्या वर. त्याआधीच्या वर्षी अशा ट्रेडरपैकी ७५ टक्क्यांहून जास्त लोकांचं जाहीर उत्पन्न पाच लाखांच्या आत होतं. म्हणजे बुडाले ते आपल्यासारखेच.

आता 'आम्ही सांभाळतो' या शब्दाकडे येऊ. दुसऱ्याचा पैसा स्वतःच्या मर्जीने गुंतवायचा तर सेबीकडे पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून नोंदणी लागते, आणि तिथे किमान रक्कम ५० लाख रुपये आहे. दोन लाखांत खातं सांभाळून देणारा या चौकटीत बसतच नाही. खातं मात्र तुमच्या पॅनवर असतं. सौदा त्याने केला तरी पोझिशन तुमच्या नावावर मोजली जाते, कराचा हिशेबही तुम्हालाच द्यावा लागतो. त्याने ऑप्शन विकले आणि बाजार उलटला, तर तोटा टाकलेल्या रकमेपेक्षाही मोठा होऊ शकतो. ब्रोकर वसुलीला तुमच्याच दारात येणार. नफ्यात अर्धा वाटा मागणारा तोट्यात कुठे असेल, हे सांगायला नको.

हलाल-हरामचा प्रश्न आहेच. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ मध्येच ऑप्शनचे करार नाजायज ठरवले आहेत. पण तो मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी नुसता हिशेबही याच्या विरोधातच जातो.

म्हणून अम्मी-अब्बूंना आमचं सांगणं एवढंच: पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका, मग तो भाचा असो की जुना शेजारी. एक्स्चेंजकडून येणारे मेसेज स्वतः वाचा. न सांगता सौदे झालेले दिसले तर आधी ब्रोकरला लेखी कळवा, नंतर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर तक्रार करा. आणि मुलाने हे सगळं लपवलं असेल, तर ओरडण्याआधी त्याच्याजवळ बसा. भीतीपोटी एक तोटा भरून काढायला दुसरं कर्ज काढलं जातं, आणि घर खरं तिथेच बुडतं.