उंदराचा बेड पाबळमध्ये घडावा

पंचवीस ग्रॅमच्या उंदराचा पेट स्कॅन पडद्यावर येतो आणि दोन खांद्यांच्या मधोमध एक ठिपका लखलखतो. गाठ तिथवर पसरली की काय? सीटीची प्रतिमा त्यावर बसवली की त्या जागी निव्वळ चरबी दिसते. उंदीर गारठला होता. अंगात ऊब आणण्यासाठी त्याच्या तपकिरी चरबीने एफडीजी, म्हणजे टोचलेली किरणोत्सारी साखर, ओढून घेतली होती. एकट्या पेटवर विसंबलो असतो, तर चुकीचा निष्कर्ष वहीत गेला असता.

'बसवली की' हे म्हणायला सोपे आहे. उंदराचे अख्खे मूत्रपिंड जेमतेम सेंटीमीटरभर लांब. माणसाच्या स्कॅनमध्ये खपून जाणारी तीन मिलिमीटरची चूक इथे ठिपका शेजारच्या अवयवावर नेऊन ठेवते. पेट आणि सीटी एकाच यंत्रात असतील तर उंदीर बेडवरून हलत नाही. पण एक यंत्र इथे आणि दुसरे पलीकडच्या इमारतीत असेल, तर भूल दिलेला उंदीर उचलताना कणा वाकतो, पोट एका बाजूला सरकते. मग कितीही चांगले सॉफ्टवेअर आणा, ते वाकलेले अंग पुरते सरळ करत नाही.

म्हणून उंदीर नव्हे, बेड उचलायचा. दोन्ही यंत्रांत घट्ट बसणारा, नाकाशी भुलीच्या आयसोफ्लुरेनची नळी असलेला, उबदार बेड. प्रतिमा जुळवण्यासाठी त्याच्या कडेला, एका रेषेत येणार नाहीत अशा किमान तीन ठिकाणी, दोन्ही प्रतिमांत दिसणाऱ्या बारीक केशनळ्या. धातू कुठेच नको: हाच बेड एमआरआयमध्ये नेला तर तो धोक्याचा आणि सीटीत त्याचे पट्टे उमटतात. आणि ऊब एफडीजीच्या इंजेक्शनच्या आधीपासून हवी. स्कॅनच्या वेळी दिलेली ऊब उशिराची ठरते.

असा बेड परदेशातून मागवण्याची गरज आहे, असे मला वाटत नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. 2002 मध्ये एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. अंगठ्याएवढ्या प्राण्यासाठी मोजून-मापून ॲक्रिलिक कापणे, थ्रीडी प्रिंटरवर साचा काढणे, चुकला तर पुन्हा करणे, हे अशाच कार्यशाळेचे काम. मात्र ॲक्रिलिकला स्पिरिटने तडे जातात, हे पुसणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. आणि किरणोत्सारी द्रव्य सांडलेला बेड दुरुस्तीसाठी पाबळला कदापि धाडू नका.

बेड नीट असेल तर तोच उंदीर आठवडोन्‌आठवडे तपासता येतो. दर टप्प्याला नवे प्राणी मारावे लागत नाहीत. आपल्या संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे पुढचा प्रस्ताव नेताना अशा वाचलेल्या प्राण्यांची संख्या मांडा.

मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांना विनंती आहे: आपापल्या स्कॅनरच्या पोकळीची मापे आणि बेडचे रेखाटन आमच्याकडे पाठवा. आलेली सर्व रेखाटने आम्ही याच मासिकात छापू.