‘बोआ नोइत’ : स्वागत कीं निरोप ?

‘गुड नाइट’ म्हणजे निरोप, हें आम्हां इंग्रजी शिकलेल्यांच्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, लिस्बन येथें एका घरीं दिवेलागणीनंतर गेलों असतां दारांतच यजमानीणबाई ‘बोआ नोइत’ म्हणाल्या, तेव्हां आम्ही खजील होऊन पायऱ्या उतरूं लागलों ! बाईंनीं हंसून आंत बोलाविलें, म्हणून बरें.

पोर्तुगीज भाषेंत दुपारपासून अंधार पडेपर्यंत ‘बोआ तार्द’ म्हणतात. पुढें भेटतांना ‘बोआ नोइत’ आणि निघतांनाही तेंच. आपल्या नमस्कारासारखेंच म्हणाना ! दुसरे दिवशीं भेटावयाचें असल्यास ‘आते आमान्यां’, म्हणजे ‘उद्यांपर्यंत’, हें जोडावें. ‘आदेउश’ मात्र जपून वापरावा. त्यांत दीर्घ वियोगाची छटा येते, ब्राझीलमध्यें तर विशेष.

गोव्यांतील ख्रिस्ती घरांत सायंप्रार्थना आटोपली कीं ‘देव बरी रात दिवं’ असें म्हणून मुलें वडील माणसांपाशीं आशीर्वाद मागत. या आशीर्वादाचें ‘बेसांव’ हें नांव पोर्तुगीजच. शब्द शुभरात्रीचे खरे. पण कोणी कोठें जावयास निघालेलें नसे, आणि रात्रीचें जेवणही अजून व्हावयाचें असे.