उतरवून घ्या!

नरक चतुर्दशीला बहिणीकडे फराळाला गेलो होतो. भाचा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो खिडकीशी बसून मोबाइलवरच्या फोटोतून मित्राची वही आपल्या वहीत उतरवून काढीत होता. मथळे तांबड्या शाईत, व्याख्या हिरव्या शाईत आणि प्रत्येक मुद्द्याखाली पट्टीने ओढलेली रेघ. "बघ दादा," बहीण कौतुकाने म्हणाली, "सणासुदीलासुद्धा मान वर करीत नाही." मी भाच्याला विचारले, "हे पान कशाविषयी आहे रे?" त्याने पानाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मामा, आधी सगळं उतरवून होऊ दे. मग वाचीन."

हातातली चकली हातातच राहिली. कारण पोराचे हे वाक्य त्याचे नव्हतेच. ते माझे होते. एका तालुक्याच्या गावी तीस वर्षे मी इतिहास शिकविला, म्हणजे खरे सांगायचे तर सांगून लिहवून घेतला. वर्गात शिरावे, हजेरी घ्यावी, पिवळी पडलेली वही उघडावी आणि म्हणावे, "उतरवून घ्या!" मग तास संपेपर्यंत वर्गात साठ लेखण्यांच्या कुरकुरीखेरीज दुसरा आवाज नसे. ही शांतता म्हणजेच शिस्त आणि शिस्त म्हणजेच शिक्षण, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत एकदा चांगलीच उघडी पडली. पानिपतची तिसरी लढाई सांगताना माझी जीभ घसरली आणि १७६१ ऐवजी मी १६७१ म्हणालो. महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही पानिपतचे साल ठाऊक असते. १६७१ साली शिवाजीमहाराज हयात होते, त्यांचा राज्याभिषेकही व्हायचा होता. तरीही वर्गात एकही हात वर झाला नाही. महिन्याने वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा वहीमागून वहीत सुवाच्य अक्षरात १६७१! काहींनी तर त्याला चौकटही घातली होती. एकाच मुलीच्या वहीत साल नव्हते. तिने सबंध तासात आठदहा ओळीच लिहिल्या होत्या आणि बाजूच्या समासात एक प्रश्नचिन्ह काढून पुढे लिहिले होते, 'राज्याभिषेक १६७४ ना? मग हे कसे?'

वाचकहो, मी त्या मुलीला काय दिले असेल? तिच्या वहीवर तांबड्या शाईने 'वही अपूर्ण' असा शेरा मारला आणि गुण कापले. साठजणांत एकच मुलगी कान उघडे ठेवून बसली होती, आणि शिक्षा झाली ती नेमकी तिला.

तेव्हा आज मी जे म्हणतो आहे, ते एका गुन्हेगाराचे म्हणणे आहे असे समजून वाचावे. माझे म्हणणे एवढेच, की आपण ज्याला टिपणे काढणे म्हणतो ते बहुतेक वेळा टिपणे नसतेच. पाखरू दाणा टिपते तेव्हा कोंडा मागे ठेवते. आमची मुले टिपकागदासारखी टिपतात. टिपकागद सगळी शाई शोषून घेतो, पण त्याच्यावर उमटलेली अक्षरे उलटी असतात.

कोणी म्हणेल, उतरवून घेणे ही तर आपली परंपरा. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अगदी खरे. पानाच्या भोवती जागा सोडावी, मजकूर मधोमध ठसठशीत लिहावा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, इतक्या बारकाईने त्यांनी ते सांगितले आहे. पण ती ग्रंथाच्या प्रती करण्याची विद्या होती. छापखाना नव्हता, त्या काळी अक्षरास अक्षर उतरवणे ही ज्ञानाची सेवा होती. युरोपातही पुस्तके दुर्मिळ होती तेव्हा गुरूने वाचावे आणि शिष्यांनी लिहावे, अशीच रीत होती. 'लेक्चर' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी वाचन असा आहे. छापखाना आला आणि ते काम यंत्राने उचलले. आमच्या वर्गांना मात्र ती बातमी अजून पोचलेली नाही!

यातली खरी मेख हाताच्या वेगात आहे. बोलणारा मिनिटाला शंभराहून अधिक शब्द सहज बोलतो; लिहिणारा तेवढ्यात वीसपंचवीस लिहितो. म्हणजे ऐकणाऱ्याला निवड करावीच लागते. काय घ्यावे, काय सोडावे, हे ठरवण्यासाठी क्षणभर तरी विचार करावा लागतो. हाताचा मंदपणा हीच इथे ईश्वराची देणगी आहे. आम्ही मास्तर मंडळींनी काय केले, तर स्वतःच हाताच्या वेगाने बोलू लागलो! मुलाला निवड करण्याचे कष्ट नकोत, आणि विचाराचेही नकोत.

संगणकाने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने केली. तिथे बोटेच इतकी चपळ, की शब्दन् शब्द उतरतो. अमेरिकेत म्युलर आणि ओपनहायमर या दोघांनी २०१४ साली प्रयोग प्रसिद्ध केले. संगणकावर टिपणारे विद्यार्थी अधिक आणि जसेच्या तसे लिहीत. पण विषय समजला आहे का, हे पाहणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारे सरस ठरले. पुढे २०१९ साली इतरांनी हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा लेखणीचीही पूजा बांधू नये. माझ्या वर्गातल्या साऱ्या लेखण्याच होत्या, आणि त्यांनीच १६७१ लिहिले!

मग पद्धती कोणती बरी? बाजारात पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात एक मांडली. पानाच्या डावीकडे अडीच इंचांचा पट्टा सोडायचा, उजवीकडे व्याख्यानाचे मुद्दे लिहायचे आणि तळाशी दोन इंचांत आपल्या शब्दांत सार. डावा पट्टा व्याख्यान संपल्यावर भरायचा, तोही प्रश्नांनी वा खुणेच्या शब्दांनी. मग उजवी बाजू झाकायची आणि नुसत्या खुणांवरून सगळे आठवून म्हणायचे. इंग्लंडात टोनी ब्युझान यांनी १९७४ साली बी. बी. सी. वरून दुसरी रीत लोकप्रिय केली. मध्यभागी विषय आणि त्याला झाडासारख्या फांद्या.

दोन्ही चांगल्या. पण आमच्याकडे रीत येते ती कर्मकांड होऊन. फांद्यांचे चित्रही मित्राच्या वहीतूनच उतरवले जाते! खरे म्हणजे रीत कोणतीही असो, तिचा कस एकच : पुस्तक मिटल्यावर काय उरते? रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवून दिले, की धडा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्यानंतर पुढे असतात ते न पाहता आठवून काढणारे. सुंदर वही पहिल्या पाच मिनिटांचे समाधान देते, आणि त्या समाधानालाच आपण अभ्यास म्हणतो.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. खेड्यातल्या गरीब मुलाला पुस्तक परवडत नाही, ग्रंथालय गावात नाही. मास्तरांनी सांगितलेली वही हेच त्याचे पुस्तक. मी या मुलांतच आयुष्य काढले आहे, आणि हीच सबब पुढे करून तीस वर्षे निभावून नेली. पण मग त्या मुलाला चार पानांची झेरॉक्स द्यावी आणि तास बोलण्यासाठी मोकळा ठेवावा. ज्याच्या घरी प्रश्न विचारायला दुसरे कोणी नाही, त्याचाच एकुलता एक तास नक्कलनविशीत घालवणे ही गरिबीची कणव नव्हे. ती त्याची लूट आहे.

आता तर यंत्र व्याख्यान आपोआप उतरवते, वर सारांशही काढून देते. उतरवणेच शिक्षण असेल, तर शिकले ते यंत्र. आपली मुले कोरडीच राहिली.

दिवाळीचा अंक घरातली सगळी मंडळी वाचतात, म्हणून आईबापांना हात जोडून सांगतो. सुट्टी संपून मुले शाळा-कॉलेजात जातील तेव्हा 'वही पूर्ण आहे का?' हे विचारणे सोडा. 'आज वर्गात तुला काय पटले नाही?' एवढे विचारा. उत्तर यायला चार दिवस लागतील, कदाचित महिना लागेल. लागू द्या.

भाच्याची वही मी हळूच मिटली आणि म्हटले, "आता काय आठवतं ते सांग." तो गोंधळला, ओशाळला, मग दोन वाक्ये बोलला. दुसरे चुकीचे होते. त्यावरून आमचा वाद जुंपला, तो जेवणाची पाने मांडेपर्यंत चालला.

ती मुलगी आज कुठे असेल, मला ठाऊक नाही. हा अंक तिच्या हाती पडलाच, तर तिने तो तांबडा शेरा खोडून टाकावा. अपूर्ण काही असेल, तर ते माझे शिकवणे होते.