टाके असलेल्या चेहऱ्याला बाकावर जागा

रुग्णभेटीला जाणाऱ्या आपल्या मंडळींना आज थोडे स्पष्ट सांगायचे आहे. त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या चेहऱ्यावर, ताज्या जखमेला आशीर्वादित तेल, पवित्र पाणी किंवा हळद लावू नका. शोमरोनी माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, हे लूकच्या शुभवर्तमानात आम्हीही वाचतो. त्याच्या झोळीत जे होते ते त्याने दिले. आज तेच काम डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम करते. आजाऱ्यांच्या अभ्यंगातसुद्धा कपाळावर जखम असेल तर फादर शरीराच्या दुसऱ्या भागाला तेल लावू शकतात; चर्चच्या कायद्यात तशी मुभा आहे.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, हा समजही सोडायला हवा. ओलसर राखलेली जखम लवकर भरते. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून टाके साधारण 5 ते 7 दिवसांत निघतात. व्रण मऊ आणि फिका व्हायला मात्र वर्षही लागते. तंबाखू हा रक्तपुरवठाच आवळते. तेव्हा भेटीला जाताना कुणाच्या खिशात गुटख्याची पुडी असेल तर ती घरीच राहू द्या. (भोपाळात कर्करोग म्हटले की आधी गॅसचे नाव निघते, चेहऱ्याच्या त्वचेच्या बाबतीत बहुधा उन्हाचा दोष मोठा असतो. टोपी भेट द्या.)

नाकाचा मोठा भाग काढावा लागला, तर कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक घडवतात. ही विद्या आपल्याच मुलखातली. 1792 च्या युद्धात इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने ते पुन्हा घडवले. 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिकत छापली. कावसजीचे नाव त्यात आहे, वीटकऱ्याचे नाही.

आजही त्या कातडीचा देठ सुमारे 3 आठवडे भुवईपाशी जोडलेला ठेवतात. नव्या जागी रक्तवाहिन्या रुजल्या की मग कापतात. तोवर चेहऱ्यावर सोंडेसारखे काहीतरी लोंबते, आणि माणूस दार लावून घेतो. जखम रीतसर भरत असते, फक्त दिसते भयंकर. आमच्या मते धर्मग्रामाची खरी गरज याच दिवसांत आहे. ‘प्रार्थना करा, सगळे पूर्वीसारखे होईल’ असे सांगू नये. पूर्वीसारखे होईलच असे नाही, आणि आरशासमोर उभा राहणाऱ्याला ते कळते.

ईदगाह हिल्सच्या कर्करोग रुग्णालयातून कोणी घरी आले की आधी फोन करा. यायचे नसेल तर ख्रिस्तप्रसाद घरी न्यायची सोय फादरांकडे मागा. यायचे असेल तर रविवारच्या मिस्सेला बाजूच्या दाराजवळचा, पंख्याखालचा बाक मोकळा ठेवा. मुलांना घरीच समजावून आणा. आणि शांतीची खूण देताना हात जोडाल, तेव्हा पट्टीकडे नको, डोळ्यांकडे बघा.