नाव उरले, कारखाना गेला

सरकारी कारखान्यातील माल महाग आणि निकृष्ट, खासगी कारखान्यातील माल स्वस्त आणि दर्जेदार, हे सूत्र आपल्या देशात आता वेदवाक्यासारखे उच्चारले जाते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याचे ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटण्यात आले, तेव्हा याच सूत्राचा जप चालला होता. कामगारांनी त्याविरुद्ध संपाचे हत्यार उचलू नये म्हणून त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातील संपाला बंदी घालणारा कायदाही संमत झाला. ज्यांना आपल्या सूत्राच्या सत्यतेविषयी खात्री असते, त्यांना अशा कायद्याची गरज का भासावी?

हे सूत्र ज्या देशाकडून आपण उसने घेतले, त्या अमेरिकेतच ते पारखून पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी रायफलीचे उदाहरण सोयीचे आहे. शस्त्रांचे उदात्तीकरण समाजवाद्यांना कधीच मान्य नव्हते. परंतु जुन्या लष्करी पद्धतीची रायफल काल सरकारी कारखाना बनवीत होता आणि आज खासगी कंपनी बनवते; नमुना जवळपास तोच आहे. त्यामुळे किंमत आणि दर्जा यांचा ताळा येथे जितका स्वच्छ मांडता येतो, तितका क्वचितच अन्यत्र मांडता येईल.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे १७९४ पासून अमेरिकन सरकारचा रायफल कारखाना होता. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत बसावा, ही आधुनिक कारखानदारीची पायाभूत कल्पना ज्या मोजक्या ठिकाणी प्रत्यक्षात आली, त्यांत या कारखान्याचे स्थान अग्रभागी आहे. खासगी उद्योगाने हे तंत्र पुढे शिवणयंत्रांत, सायकलींत आणि मोटारींत वापरून गडगंज संपत्ती मिळवली. त्याच्या प्रयोगाचा खर्च मात्र सार्वजनिक तिजोरीने सोसला होता. याच कारखान्यातील जॉन गॅरंड या पगारी नोकराने एम-१ रायफल तयार केली आणि १९३६ साली अमेरिकन सैन्याने ती स्वीकारली. गॅरंड यांनी पेटंटचे हक्क सरकारला दिले आणि एकाही रायफलीवर मानधन घेतले नाही. नफ्याच्या आमिषावाचून माणूस नवे काही निर्माण करीत नाही, असे सांगणाऱ्या पंडितांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या महायुद्धात या कारखान्याने सुमारे ३५ लाख एम-१ रायफली तयार केल्या. १९४४ च्या जानेवारीत तर एका महिन्यात १ लाख २० हजारांहून अधिक रायफली बाहेर पडल्या. यंत्रांवर हजारो स्त्रिया काम करीत होत्या. एका रायफलीचा खर्च सुमारे ८५ डॉलर पडत असे. आजच्या भावाने ही रक्कम दीड हजार डॉलरच्या आसपास जाते. तिचा रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट सरकतो आणि ज्याला नळी जोडली जाते तो मुख्य भाग, तापल्या पोलादावर घणाचे घाव घालून घडवलेला असे. त्यानंतर एकामागून एक यंत्रांवर तो कोरला जाई आणि प्रत्येक टप्प्यावर तपासनीस गेज लावून त्याचे माप घेत असे.

याच एम-१ च्या वंशातील एम-१४ रायफल १९५७ साली आली. तिचे काम सरकारी कारखान्याबरोबर तीन खासगी कंपन्यांनाही देण्यात आले. १९६० साली त्यांपैकी एकीच्या काही रायफलींचे रिसीव्हर फुटले, कारण त्यांत चुकीचे पोलाद वापरले गेले होते. दुसऱ्या एका खासगी कंपनीने उत्तम माल दिला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु त्या कंपनीचे मापदंड, आराखडे आणि तपासणीचे निकष कोणी घालून दिले होते? सार्वजनिक कारखान्याच्या दीड शतकाच्या अनुभवाने!

पुढे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी काटकसरीच्या नावाखाली हा अनुभवच मोडीत काढला. १९६८ साली स्प्रिंगफील्डचा कारखाना बंद झाला. तोवर खासगी कंपनीकडून घेतलेली एम-१६ रायफल व्हिएतनाममध्ये पोहोचली होती. काडतुसातील दारू बदललेली, नळीच्या खोबणीला क्रोमचा मुलामा नाही, सैनिकांजवळ सफाईचे पुरेसे साहित्य नाही, अशा स्थितीत ती ऐन लढाईत अडकू लागली. १९६७ साली अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीला त्याची चौकशी करावी लागली. त्या अन्याय्य युद्धात आपल्याच गरिबांच्या पोरांना लोटणाऱ्या व्यवस्थेने त्यांच्या हाती धड शस्त्रही दिले नाही.

आता आजचा हिशेब पाहावा. १९७४ साली एका खासगी कंपनीने बंद पडलेल्या सरकारी कारखान्याचेच नाव धारण केले आणि एम-१४ च्या नमुन्याची रायफल हौशी ग्राहकांना विकण्यास सुरुवात केली. तिचा रिसीव्हर घडीव नसून ओतीव आहे. ओतीव काम सर्वस्वी वाईट असते असे नव्हे. काळजीने केले तर ते टिकते. पण ते निवडण्यामागील मुख्य कारण यंत्रकामाची बचत हे आहे. शिवाय एकेकाळी अनेक कामगार अनेक यंत्रांवर जे करीत, ते आज संगणकाने चालणारे एकच यंत्र करते. एवढी बचत झाल्यावर किंमत कोसळायला हवी होती. प्रत्यक्षात त्या रायफलीला आज दोन हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागतात.

यावर असे उत्तर येईल की, लाखोंनी बनणारी वस्तू आणि हजारोंनी बनणारी वस्तू यांची तुलना करता येत नाही. हे उत्तर बरोबर आहे आणि तेच या सूत्राच्या मुळावर येते! साचे, गेज आणि यंत्रमांडणी यांचा खर्च जितक्या अधिक नगांवर विभागला जाईल, तितका नग स्वस्त पडतो. आणि कसबी हाताला अखंड काम मिळाले तरच कसब टिकते. मालकी बदलल्याने यांपैकी एकही गोष्ट साधत नाही. उलट जाहिरात, विक्रेत्याची दलाली आणि मालकाचा नफा एवढी भर मात्र पडते.

आपल्याकडे काय घडले? १९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्याने जुन्या एनफिल्ड रायफलीला अधिक मजबूत पोलाद वापरून ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी सिद्ध केले. त्याच काडतुसाची स्वयंभरणी रायफलही तेथेच बनू लागली. पुढे सैन्य ५.५६ मिलिमीटरच्या इन्सासकडे वळले आणि ते कसब अडगळीत पडले. नंतर पुन्हा ७.६२ चीच मागणी झाली, तेव्हा २०१७ च्या चाचणीत इशापूरची नवी रायफल नापास ठरली. हे अपयश झाकण्याचे कारण नाही. पण विझवलेली भट्टी एका रात्रीत पेटत नाही, हे सांगणारा अर्थतज्ज्ञ दिल्लीत कोणी नव्हता काय? २०२४ साली त्याच मापाच्या ७३ हजार रायफली ८३७ कोटी रुपयांना अमेरिकन कंपनीकडून घेण्याचा करार झाला. म्हणजे एका रायफलीला सुमारे १ लाख १५ हजार रुपये!

खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ येथील कारखान्यांच्या दारांवर आज कंपन्यांच्या पाट्या लागल्या आहेत. पाटी ही पहिली पायरी असते. पुढची पायरी म्हणजे मागणी आटवणे, कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार आणणे आणि मग खर्च वाढल्याची ओरड करणे. कार्यकर्त्यांनी कारखान्याच्या दारावर जाऊन तीन प्रश्न विचारत राहावेत : या वर्षी मागणी किती आली? निवृत्त तपासनीसाच्या जागी कोण आले? नग महाग पडला म्हणता, तर तो किती नगांच्या हिशेबाने? या प्रश्नांची जाहीर उत्तरे मिळेपर्यंत, सरकारी माल महाग असतो असे म्हणण्याचा अधिकार कोणाही मंत्र्याला नाही.