घाटात काटा चढतो तेव्हा

चिपळूणजवळून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या घरी मंडप आणि जेवणाच्या ऑर्डरीचं काम आहे. लग्नसराईत पिकअपच्या मागे ट्रॉली जोडायची, देगी, शेगड्या, जनरेटर भरायचा आणि कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडकडे जायचं. "मे महिन्यात अर्ध्या घाटात काटा लाल रेषेकडे जातो. हे गाडी थांबवतात, लगेच बोनेट उघडून फडक्याने झाकण फिरवतात आणि पाणी ओततात. पोहोचायची घाई असते. चौदा वर्षांचा मुलगा बाजूला बाटली घेऊन उभा असतो. यात धोका आहे का?"

आहे, आपा. आणि तो गाडीपेक्षा त्या मुलाला जास्त आहे, म्हणून आधी झाकणाचंच बोलू.

चुलीवरचं पाणी 100 अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणाला मात्र स्प्रिंग असते आणि ती आत दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे आतलं पाणी 110 अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो, त्याच क्षणी पाण्याची वाफ होते आणि वाफ उरलेलं उकळतं पाणी घेऊन वर उसळते. प्रेशर कुकरची शिट्टी न काढता झाकण ओढल्यासारखंच हे. फडक्याने हात वाचेल एखाद वेळी, तोंड वाचत नाही. अनेक गाड्यांत झाकण रेडिएटरवर नसून बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीवर असतं, तिथेही हाच हिशेब. इंजिन बंद करून किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. वरचा जाड रबरी पाइप दाबून पाहावा. तो हाताला सोसवेल इतका निवला असेल आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच झाकण, तेही हळूहळू. तोवर मुलाने बोनेटजवळ उभं राहायचं नाही.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणं हे दुसरं नुकसान. लाल झालेल्या तव्यावर पाणी टाकलं की तो कसा वाकतो, तसं इंजिनचं हेड वाकतं किंवा त्याला तडा जातो. मग गॅस्केट, हेडचं काम, आणि ऐन सीझनमध्ये गाडी गॅरेजमध्ये.

आता काटा चढतोच का, ते पाहू. पोफळीकडून घाटमाथा गाठेपर्यंत आपण समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर वर येतो. एक टन वजनाची ट्रॉली एवढी उंच उचलायला सुमारे अर्धा लिटर डिझेल जादा जळतं. ते फक्त ट्रॉलीपुरतं, गाडीचं वेगळं. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते, आणि तिचा मोठा वाटा रेडिएटरने बाहेर टाकायचा असतो. सपाट रस्त्यावर समोरून वारा मिळतो. घाटात वेग वीस-पंचवीसचा, वारा नाही, बाहेरची हवा आधीच तापलेली. उष्णता सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी, अशी ही गाठ पडते.

पुष्कळ ड्रायव्हर इथे वरचा गियर धरून पाय दाबत राहतात, कारण खालच्या गियरमध्ये इंजिन ओरडतं. ओरडू द्या. खालच्या गियरमध्ये इंजिन जास्त फिरतं तेव्हा वॉटर पंपही जास्त फिरतो आणि पाणी जोरात खेळतं. पंखा पट्ट्यावर चालणारा असेल तर तोही वेग घेतो. वरच्या गियरमध्ये कण्हत चढणारी गाडी लवकर तापते. एसी असेल तर घाटाच्या पायथ्यालाच बंद करावा, काटा चढल्यावर नव्हे. हीटर असेल तर काटा चढू लागताच तो पूर्ण सोडावा. मे महिन्यात हे ऐकून कुणीही हसेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनची थोडी उष्णता काढून घेतो.

काटा लाल रेषेच्या खाली असेल, तर रुंद जागा पाहून थांबावं. ट्रॉलीच्या आणि गाडीच्या, दोन्हींच्या चाकांना दगड लावावेत, आणि निघताना ते आठवणीने रस्त्यातून उचलावेत. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला अंधारात ते दिसत नाहीत. इंजिन मात्र लगेच बंद करू नये. न्यूट्रलमध्ये थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन चालू ठेवलं की पंखा आणि पंप चालतात आणि काटा काही मिनिटांत खाली येतो. काटा लाल रेषेत गेला, वाफ दिसली किंवा पाणी गळताना दिसलं, तर इंजिन ताबडतोब बंद. एक फसवणूक लक्षात ठेवा: वाफ निघतेय आणि काटा अचानक खाली आला, तर ती सुटका नाही. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगू लागतो.

कुणाला भाजलंच, तर साध्या गार पाण्याची धार वीस मिनिटं धरावी. घड्याळ, अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा. 108 वर फोन केला की रुग्णवाहिका येते. वीस लिटरचा पाण्याचा जार ट्रॉलीत नव्हे, पुढे केबिनमध्ये ठेवा, म्हणजे सामानाखाली अडकणार नाही.

बाकी तयारी घरची. फजरनंतर लगेच निघालात तर ऊन चढण्याआधी घाट पार होतो, आणि मालकांना घाई सोसायची वेळ येत नाही. जनरेटर आणि देगी एकाच फेरीत न्यायचा हट्ट सोडता आला तर उत्तमच. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका, क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात. जाळीत अडकलेले किडे, गवत, चिखल हलक्या धारेने धुवावा. जोराच्या धारेने पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात आणि वाराच अडतो. फॅन बेल्ट सैल आहे का, तेही सीझनच्या आधी एकदा पाहून घ्यावं.

ट्रॉली सोडून, रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावरही काटा चढत असेल, तर तो घाटाचा दोष नाही. थर्मोस्टॅट अडकला असेल, रेडिएटर आतून तुंबला असेल, किंवा गॅस्केट आधीच गेलं असेल. अशी गाडी पुढच्या ऑर्डरीला न्यायच्या आधी मेकॅनिककडे न्या.