सातबारा ते भोगवटा, एका शीटमध्ये

नवी मुंबईतल्या उलव्यातल्या अनेक सोसायट्या साडेबारा टक्के योजनेच्या, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोने शेतकऱ्यांना दिलेल्या भूखंडांवर उभ्या आहेत. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, त्या लढ्यातून ही योजना आली. म्हणून जुना सातबारा, भूसंपादनाचा निवाडा, सिडकोचे वाटपपत्र, त्रिपक्षीय करार, भोगवटा प्रमाणपत्र हे सगळे सोसायटीने जिवापाड जपावे आणि मागताक्षणी सापडेल असे ठेवावे. एक्सेलची एक शीट पुरते. प्रत्येक कागदाला एक ओळ: प्रकार, वर्ष, सर्व्हे नंबर, सेक्टर, भूखंड क्रमांक, शेवटच्या रकान्यात स्कॅन केलेल्या फाइलची हायपरलिंक. मात्र शीट आणि फाइली एकाच फोल्डरमध्ये हव्यात, आणि लिंकमध्ये त्या फोल्डरच्या आतलाच पत्ता हवा. सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता लिहिला, की सचिव बदलतो, संगणक बदलतो आणि एकही लिंक उघडत नाही. दुसरे, स्कॅन म्हणजे नुसते चित्र. त्यातला मजकूर शोधात येत नाही. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर छापील मराठी वाचते, पण तलाठ्याच्या हस्ताक्षरातला जुना फेरफार त्याच्या आवाक्याबाहेरचा. तिथे गावातल्या जाणत्याला शेजारी बसवून नावे, नंबर हातानेच टाइप करावेत, आणि हे काम तो जाणता आहे तोवर उरकावे.